हत्यारांची वही : मुलींच्या विज्ञान-तंत्र प्रकल्पाच्या नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

शनिवार, २२ जून २०२४

सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील, पावसाच्या बाबतीत नेहमीच तोकड्या पडणाऱ्या भागातली आमची माध्यमिक शाळा आहे. नववीच्या वर्गाला आज एकसर आणि समांतर जोडणीचा प्रयोग दिला. सहा गट पाडले आणि प्रत्येक गटात मुले-मुली एकत्र ठेवली. प्रयोग सगळ्यांचे जमले, दिवे लागले आणि निरीक्षणेही बरोबर आली. घरी जाताना मात्र एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून ही नोंदवही सुरू करत आहे.

सहाही गटांत डिसमिस आणि पक्कड मुलांच्या हातात होती आणि वही मुलींच्या मांडीवर होती. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते आणि कुठे भांडणही झाले नाही. साहित्याची पेटी टेबलावर ठेवताच मुलांचे हात पुढे आले, मुलींचे मागे राहिले आणि अर्ध्या मिनिटात कामाची वाटणी होऊन गेली. नंतर वह्या तपासल्या, तेव्हा सर्वांत नेटक्या आकृत्या आणि सर्वांत अचूक तक्ते मुलींचेच होते. प्रयोगावर मी जे गुण देते ते या वह्यांवरच देते. म्हणजे माझ्या गुणपत्रिकेत या मुली प्रयोगात हुशार ठरतात आणि प्रत्यक्षात त्यांनी एक स्क्रूही फिरवलेला नसतो. पंधरा वर्षे मी हाच प्रयोग घेत आले आणि हे माझ्या ध्यानात आले नाही, याची खंत आज लिहून ठेवते.

मुलींना विज्ञानाची गोडी नाही, असे अनेक बैठकांतून ऐकायला मिळते. आकडे तसे सांगत नाहीत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत २९.८ लाख विद्यार्थिनी आणि २७.४ लाख विद्यार्थी होते. त्याच सर्वेक्षणात अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलींचा वाटा २९ टक्क्यांच्या आसपास होता. जिथे पुस्तक आहे तिथे मुली पुढे आहेत आणि जिथे यंत्र आहे तिथे मागे. या दरीची सुरुवात आमच्या वर्गात, पेटी उघडल्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात होत असावी, असे मला आज वाटू लागले आहे.

शनिवार, ६ जुलै २०२४

मुख्याध्यापक सरांशी बोलणे झाले. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दोन तास, आठवी-नववीच्या इच्छुक मुलींसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली. पहिले काही महिने फक्त मुली, त्यानंतर मुले-मुली एकत्र, असा माझा प्रस्ताव होता. मुलांना बाहेर ठेवणे बरे दिसत नाही, अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली आणि ती चुकीची नव्हती. त्यावर मी एवढेच सांगितले की पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी शर्यतीत उतरवत नाहीत. हात बसला की सगळे एकत्रच काम करतील.

खरी अडचण एसटीची निघाली. शाळेत येणाऱ्या निम्म्या मुली आसपासच्या वस्त्यांवरून आणि दोन गावांतून मोफत पासावर बसने येतात. शनिवारी दुपारची गाडी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी असते. प्रकल्प कितीही चांगला असला तरी मुलगी अंधार पडता घरी पोहोचणार असेल, तर तो तिथेच संपतो. म्हणून वेळ गाडीप्रमाणे बांधली. बारा ते पावणेदोन काम करायचे आणि दोनची गाडी धरायची. चौदा मुलींनी नावे दिली. प्रत्येकीच्या घरी मी स्वतः जाऊन आले, कारण चिठ्ठीवरची सही आणि उंबऱ्यात बसून झालेले बोलणे यांत फार अंतर असते. एका आजींनी विचारले, ‘बाई, जादा तास कशाचा? इंग्रजीचा का?’ विजेच्या कामाचा, असे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘करंट लागायचा नाही ना पोरीला?’ हाच प्रश्न पुढे नऊ घरांत ऐकायला मिळाला.

शनिवार, २० जुलै २०२४

आजींच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली. विजेची भीती घालवायची नव्हती, ती नेमकी करायची होती. कशाला हात लावायचा नाही आणि का, हे समजले की बाकी सगळ्याला हात लावता येतो.

प्रत्येकीला तीन पिनांचा एक जुना प्लग आणि एक डिसमिस दिला आणि प्लग खोलायला सांगितला. प्लग कुठेही जोडलेला नव्हता, समोर टेबलावर पडलेला होता, तरीही एका मुलीने तो पहिल्यांदा बोटाच्या टोकाने शिवून पाहिला. डिसमिस कोणत्या बाजूला फिरवला की स्क्रू सैल होतो, हे चौदापैकी अकरा जणींना ठाऊक नव्हते. त्यात बुद्धीचा संबंध नाही. पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्यांना कोणी शिकवलेले नाही, ते हाताला माहीत आहे. डिसमिस त्या हातात कधी आलाच नव्हता.

प्लग उघडल्यावर प्रश्न आपोआप आले. वरची पिन जाड आणि लांब का? ती अर्थिंगची आहे. लांब असल्यामुळे प्लग खुपसताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते, त्यामुळे उपकरणाच्या धातूच्या अंगाला प्रवाह आलाच तर त्याला जमिनीकडे जायला वाट तयार असते. हे मी दरवर्षी फळ्यावर सांगते. आज एका मुलीने दोन पिना नखाने मोजून पाहिल्या आणि ते स्वतः सांगितले.

आजपासून आणखी एक वही ठेवली आहे. तिचे नाव साधेच आहे, ‘हत्यारांची वही’. प्रयोगशाळेतला डिसमिस, पक्कड, टेस्टर, एक्सॉ ब्लेड, मल्टिमीटर यांपैकी काहीही शनिवारी घरी न्यायचे आणि सोमवारी परत आणायचे. वहीत नाव, हत्यार आणि घरी त्याने काय केले, हे लिहायचे. घरातले चालू वीजजोडणीचे काम मात्र करायचे नाही, हा नियम पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला. आज कोणीही काही नेले नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

सोल्डरिंग शिकवले. पंचवीस वॅटच्या चार सोल्डर गन, कथील-शिशाची तार आणि राळ, एवढ्या साहित्यावर काम चालते. यात शिसे असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि त्याआधी डबा उघडायचा नाही, हे तीनदा बजावले.

सुरुवातीला सगळ्या जणी वितळलेले कथील थेंबासारखे वरून सोडत होत्या आणि ते तारेला न धरता मण्यासारखे घरंगळत होते. मग थांबवून दाखवले. गनचे टोक आधी तारांच्या सांध्याला टेकवायचे, दोन-तीनपर्यंत मोजायचे, सांधा तापला की कथील त्या सांध्याला लावायचे, गनला लावायचे नाही. सांधा पुरेसा तापला असेल तर कथील आपणहून तारांच्या फटीत शिरते आणि निवल्यावर चकचकीत दिसते. मळकट, दाणेदार दिसले तर तो सांधा कच्चा. एका मुलीने हे पाहून लगेच म्हटले, ‘बाई, हे पोळीसारखं आहे, तवा तापल्याशिवाय टाकायची नाही.’ तिची उपमा मी मुद्दाम लिहून ठेवली आहे, पण स्वयंपाकघरातले दाखले आपण होऊन देणे मी टाळते. मुली स्वतः ते आणतात तेव्हा ते त्यांचे ज्ञान असते. मी सतत तेच दिले तर यंत्राच्या दारातूनही त्यांना पुन्हा चुलीपाशीच नेऊन बसवल्यासारखे होईल.

एकीच्या बोटाला चटका बसला. थंड पाण्याखाली दहा मिनिटे हात धरायला लावला, फोड आला नाही. ती पुढच्या शनिवारी येणार नाही, अशी मला धास्ती आहे.

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

ती मागच्या शनिवारी आली होती आणि आजही आली. बोटावरची खूण तिने मैत्रिणींना दाखवली.

आज पुढचे काम काय असावे यावर चर्चा केली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेचे असले पाहिजे, हा त्या पद्धतीचा गाभा मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रदर्शनापुरता बनवलेला ज्वालामुखी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. कोणाला तरी हवी असलेली वस्तू बनवली की ती बिघडल्यावर माणूस दारात येऊन उभा राहतो आणि खरे शिक्षण तिथून सुरू होते.

तेव्हा मुलींना विचारले, घरी सगळ्यांत त्रासाचे काम कोणते? पाणी, असे सगळ्या एकदम म्हणाल्या. शेतीची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की वडील किंवा भाऊ मध्यरात्री मोटार सुरू करायला आणि दारे धरायला रानात जातात. थंडीत, विंचूकाट्यात, बिबट्याच्या भीतीत जावे लागते. नववीतली एक मुलगी म्हणाली की पाणी द्यायची खरोखर गरज आहे की वाफसा (पिकाला पुरेल एवढा मातीतला ओलावा) अजून टिकून आहे, हे घरबसल्या कळले तर निम्म्या रात्री तरी वाचतील. प्रकल्प तिथेच ठरला. जमिनीतला ओलावा मोजणारे, स्वस्त, घरी दुरुस्त करता येण्याजोगे यंत्र बनवायचे.

शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

जोडणी सोपी आहे. जमिनीत काही अंतरावर दोन तारा रोवायच्या. माती ओली असेल तर त्यांच्यामधून वीज सहज जाते, कोरडी असेल तर जात नाही. एका तारेला पाच व्होल्ट द्यायचे, दुसरी तार दहा किलोओहमच्या रोधामार्फत ऋण टोकाला जोडायची आणि त्या रोधावरचे व्होल्टेज आर्डुइनोच्या, म्हणजे संगणकावरून सूचना भरता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर वाचायचे. आर्डुइनो शून्य ते पाच व्होल्टची ० ते १०२३ अशी वाटणी करते. माती जितकी ओली तितका आकडा मोठा.

जाड तांब्याच्या तारा घेतल्या आणि शाळेच्या बागेतल्या एका वाफ्यात रोवल्या. विजेसाठी मोबाइलची जुनी पॉवर बँक लावली, तर ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडू लागली, कारण एवढ्या कमी प्रवाहाला ती ‘मोबाइल भरून झाला’ असे समजते. साधा चार्जर वापरून तात्पुरते भागवले.

आज हत्यारांच्या वहीत पहिली नोंद झाली. आठवीतल्या एका मुलीने डिसमिस नेला होता. कामाच्या रकान्यात तिने लिहिले आहे, ‘शिवणयंत्राचा पट्टा बसवला. आईने पाहिले.’

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

मधला शनिवार गणेश चतुर्थीचा होता. तोपर्यंत यंत्र चालूच ठेवले होते आणि आज पाहिले तर आकडे रोज थोडेथोडे खाली घसरत गेलेले. वाफ्याला मात्र पाणी नियमित मिळत होते. आर्डुइनोत भरलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल असे मला वाटले आणि मी संगणकाकडे वळले. तेवढ्यात ज्या मुलीला चटका बसला होता तिने तारा उपटून काढल्या आणि पुसून माझ्यासमोर धरल्या. एक तार जवळजवळ जशीच्या तशी होती. दुसरी खडबडीत, हिरवट आणि टोकाला सुतासारखी बारीक झाली होती. ‘बाई, एकच कुरतडलीय. दोन्ही एकाच मातीत होत्या.’

हा प्रश्न तिने विचारला, मी विचारायला लावला नव्हता. पुढचा तासभर त्यावरच गेला. गंज असता तर दोन्ही तारांना सारखाच चढला असता. खराब झालेली तार कोणत्या टोकाला जोडलेली होती, हे वायरच्या रंगावरून मागे जात शोधले, तर ती धन टोकाला निघाली. मग काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेऊन दोन नव्या तारा तशाच जोडल्या आणि थोड्याच वेळात धन टोकाभोवती रंग उतरताना सगळ्यांनी पाहिला. हे विद्युत अपघटन. धन टोकावरचे तांबे आयनांच्या रूपाने द्रावणात उतरत जाते. हाच परिणाम भांड्यांना मुलामा देताना कामी येतो, आणि आमच्या वाफ्यात तोच तार खात होता.

उपायही चर्चेतूनच निघाला. ओलावा दिवसातून चार-सहा वेळा मोजला तरी पुरतो, मग तारांतून अष्टौप्रहर वीज कशाला सोडायची? आता पाच व्होल्ट थेट न देता आर्डुइनोच्या एका पिनेवरून देतो. मोजायच्या वेळी दोन सेकंद चालू, एरवी बंद. तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा असलेले चार इंची खिळे घेतले, म्हणजे झिजले तरी गावातल्या दुकानातून पाच मिनिटांत बदलता येतील.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

आकडा मिळाला, पण ५०० म्हणजे किती ओलावा? हे ठरवण्यासाठी मापन जुळवून घ्यावे लागते. मुलींनी आपापल्या शेतातली माती डब्यात आणली, कोणाची काळी, कोणाची मुरमाड. ओली माती १०० ग्रॅम तोलायची, लोखंडी तव्यावर मंद आचेवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची आणि पुन्हा तोलायची. एका काळ्या मातीचे १०० चे ८२ ग्रॅम झाले. उडून गेलेले पाणी १८ ग्रॅम, ते कोरड्या मातीच्या तुलनेत म्हणजे १८ भागिले ८२, सुमारे २२ टक्के. भागाकार १०० ने करायचा की ८२ ने, यावर दोन गटांत चांगलाच वाद झाला. मी मध्ये पडले नाही.

मात्र शेतकरी टक्के विचारत नाही, वाफसा विचारतो. म्हणून दुसरा तक्ता केला. प्रत्येकीने घरातल्या मोठ्यांना मूठपरीक्षा करायला सांगितली. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा, पण खाली टाकला की फुटावा, हा वाफसा. गोळा फुटलाच नाही तर माती जास्त ओली, गोळा झालाच नाही तर कोरडी. त्याच मातीत त्याच वेळी खिळे रोवून आकडा लिहून घेतला. आमच्या काळ्या मातीत वाफसा साधारण ४८० ते ५६० या आकड्यांत सापडला आणि मुरमाड मातीत त्याच्या बराच खाली. एकच आकडा सगळ्या रानाला चालत नाही, हे मुलींनी स्वतःच्या तक्त्यावरून काढले. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसाची मूठ हे आमच्या यंत्राचे प्रमाण ठरले, याचा मला फार आनंद वाटतो. ज्या आजींनी करंटचे विचारले होते त्यांचीच मूठ सर्वांत भरवशाची निघाली.

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

महावितरणमध्ये तंत्रज्ञ असलेली एक तरुणी आज मुलींना भेटायला आली. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून ती नोकरीला लागली आहे आणि खांबावर चढून काम करते. मोठी माणसे मुलींपुढे येऊन सहसा भाषण करतात. तिने पिशवीतून हातमोजे, पक्कड आणि कमरेचा पट्टा काढला, पट्टा एका मुलीच्या कमरेला बांधला आणि प्रयोगशाळेच्या दाराशी असलेल्या लोखंडी खांबाला अडकवून मागे रेलायला सांगितले. मुलगी घाबरली, मग पट्ट्यावर भार टाकून रेलली आणि हसली. त्यानंतर सगळ्यांनाच रेलायचे होते.

प्रश्न पगारापासून सुरू झाले आणि पावसात खांबावर कसे चढतात, पाळीच्या दिवसांत काय करता, सोबतचे पुरुष काय म्हणतात, इथपर्यंत गेले. पहिले सहा महिने तिला कार्यालयातच बसवून नोंदी लिहायला लावत असत, असे तिने सांगितले. तिने हे अगदी सहज सांगितले, पण माझ्या मनात जूनमधला तो वर्ग उभा राहिला. वही पुन्हा तिच्याच हातात दिली गेली होती. खांबावर चढायची पाळी तिने मागून घेतली.

शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर विधानसभा निवडणुकीचे काम यांमुळे महिनाभर खंड पडला. आज निकालाचा दिवस असल्याने पाचच मुली आल्या. खिळे काढून घासले, सांधे तपासले, दोन कच्चे निघाले ते पुन्हा केले.

शनिवार, ७ डिसेंबर २०२४

आजपासून मुलेही आली. एकत्र कामाचे दोनच नियम केले. दर वीस मिनिटांनी घंटा वाजेल आणि वही व हत्यार यांची अदलाबदल होईल. ज्याच्या किंवा जिच्या हातात हत्यार आहे, त्याच्या हातातून ते मदतीसाठीसुद्धा कोणी काढून घ्यायचे नाही, तोंडाने सांगायचे.

दुसरा नियम अवघड गेला. ‘दे इकडे, मी करतो’ हे वाक्य पहिल्या तासात इतक्या वेळा ऐकू आले की मीच थकले. त्यात मुलांचा दुष्टपणा नाही, त्यांना खरोखर मदत करायची असते. परंतु त्या मदतीची किंमत अशी की काम होते आणि करणारीचा हात रिकामा राहतो. एका गटात मात्र उलटे घडले. मुलगा सोल्डर गन धरून कथील वरून सोडत होता आणि शेजारची मुलगी हात मागे बांधून उभी राहून सांगत होती, ‘आधी सांधा तापव, गनला लावू नको.’ त्याने ऐकले आणि सांधा चकचकीत आला. मुलांनाही तोंडी सूचना ऐकून काम करायची सवय यामुळे लागेल, हा लाभ मी आधी मोजला नव्हता.

शनिवार, २१ डिसेंबर २०२४

चौदापैकी सातच मुली आल्या. उन्हाळ कांद्याची लागण जोरात आहे आणि मजूर मिळत नाहीत, त्यामुळे मुली वाफ्यांत वाकून रोपे लावत आहेत. याबद्दल घरच्यांना दोष देणे मला जमत नाही. जानेवारीच्या मध्यापर्यंत नवे काही शिकवायचे नाही, फक्त दुरुस्ती करायची, असे ठरवले, म्हणजे न आलेल्या मुली मागे पडणार नाहीत.

लागणीमुळेच एक फार मोलाची गोष्ट समोर आली. एका मुलीने यंत्र आपल्या रानात लावले होते. तिने सांगितले की वरच्या वाफ्यात आकडा ७०० च्या वर येतो, पण मूठ दाबली तर माती कोरडी. खालच्या वाफ्यात सगळे बरोबर. दोन वाफ्यांत फरक काय, हे ती दोन दिवस शोधत होती. शेवटी वडिलांना विचारले, तेव्हा कळले की वरच्या वाफ्यात लागणीआधी पोटॅश टाकले होते आणि खालच्यात खत पुरले नव्हते. म्युरेट ऑफ पोटॅश हा क्षार आहे. मातीतल्या थोड्याशा ओलीत तो विरघळला की विजेला वाट मिळते आणि यंत्राला माती ओली वाटते. आमचे यंत्र ओलावा मोजत नाही, विजेची वाट मोजते, हे इतक्या स्पष्टपणे मी त्यांना सांगितलेच नव्हते. ती म्हणाली, ‘खत टाकलं की ते खोटं बोलतं.’

मुली हिरमुसल्या. तेव्हा त्यांना ‘आझादीसॅट’ची हकिकत सांगितली. देशभरातल्या ७५ शाळांमधल्या ७५० मुलींनी या लहानशा उपग्रहाचे भाग तयार केले होते आणि ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या नव्या प्रक्षेपकाच्या पहिल्या उड्डाणात तो पाठवला गेला. दुसरा टप्पा सुटताना काही क्षण जोराची कंपने झाली, प्रवेगमापकांच्या नोंदी त्यामुळे बिघडल्या, आणि मापके निकामी झाली असे धरून संगणकाने पर्यायी मार्ग घेतला. उपग्रह योग्य कक्षेत पोहोचलाच नाही. चूक दुरुस्त झाली आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ कक्षेत गेला. मापक काय सांगते आणि खरे काय आहे, यांतला फरक ओळखणे हे तिथेही काम होते आणि आमच्या कांद्याच्या वाफ्यातही तेच आहे. खत टाकल्यानंतर मूठ दाबून तक्ता नव्याने करायचा, असा नियम मुलींनी यंत्राच्या डबीवर लिहून चिकटवला.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. परिपाठात भाषणे झाली. मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्याविषयी बोलले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री असल्याच्या कारणाने प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष काम पारखून पाहण्याचे, आणि त्यांच्यामुळे इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे त्यांनी शोधले आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली.

भाषणानंतर आठवीतली एक मुलगी विचारायला आली, ‘त्यांना आत घेतलं, पण हात लावू दिला का?’ वर्षभर मी ज्या गोष्टीभोवती फिरते आहे ती तिने एका वाक्यात विचारली. हो, लावू दिला, आणि त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली, असे मी सांगितले.

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

पाच घरी यंत्रे लागली आहेत. साहित्याचा खर्च घरच्यांनी दिला, हे मला महत्त्वाचे वाटते. एका वडिलांनी शाळेत येऊन सांगितले की गेल्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, मुलीने संध्याकाळी आकडा पाहून ‘आज नका जाऊ’ म्हटले, त्यांचा विश्वास बसला नाही, बॅटरी घेऊन रानात गेले, मूठ दाबली आणि परत आले. दुसऱ्या वेळी गेलेच नाहीत. मग म्हणाले, ‘मॅडम, दहावीनंतर ह्या लायनीला कुठं घालतात?’

त्यांना सविस्तर सांगितले. दहावीनंतर तंत्रनिकेतनची तीन वर्षांची पदविका आहे, आयटीआय आहे, बारावी विज्ञाननंतर अभियांत्रिकी किंवा कृषी अभियांत्रिकी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक उच्च शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ही माहिती मी जुलैमध्येच फलकावर लावली होती, पण एकही पालक विचारायला आला नव्हता. आधी घरात यंत्र चालले, मग प्रश्न आला. पुढच्या वर्षी मार्गदर्शन मेळावा जूनमध्ये न घेता फेब्रुवारीत घेणार आहे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात मुलींनी यंत्र मांडले. कुरतडलेली तांब्याची तार आणि पोटॅशचा चुकलेला तक्ता ही दोन्ही त्यांनी सर्वांत पुढे ठेवली, हा त्यांचाच निर्णय. परीक्षकांनी नेमके त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. क्रमांक आला नाही.

वर्षाच्या शेवटी चौदापैकी अकरा मुली टिकल्या. एकीचे कुटुंब ऊसतोडीला गेले, दोघींनी शिकवणीसाठी शनिवार सोडला. पुढील वर्षी सातवीपासून सुरुवात करायची आहे, कारण नववीपर्यंत हात मागे घेण्याची सवय फार घट्ट झालेली असते.

शनिवार, १५ मार्च २०२५

परीक्षा तोंडावर आहे, म्हणून आज साहित्य मोजून कुलूप लावले. एक टेस्टर आणि एक पक्कड कमी भरली. हत्यारांची वही काढली. शेवटच्या पानावरच्या नोंदी अशा आहेत.

‘डिसमिस. सायकलचा ब्रेक आवळला.’

‘मल्टिमीटर. रेडिओचे सेल तपासले. दोन मेलेले.’

‘एक्सॉ ब्लेड. ठिबकची नळी कापली. वाकडी कापली गेली.’

‘सोल्डर गन. मामाच्या टॉर्चची तार जोडली. सांधा चकचकीत.’

‘टेस्टर, पक्कड. सोमवारी आणते. आजीच्या खोलीतला होल्डर बदलायचा आहे. मेन बंद करून बाबा बाजूला उभे राहणार आहेत.’

आजचा शनिवार आहे. दोन्ही वस्तूंपुढे ‘सोमवारी’ असे पेन्सिलीने लिहून पेटी बंद केली.